सप्तसुरांचा प्रवासी : विष्णुदास शिराळी

लग्नसराईच्या दिवसांत आपल्या या जयपूरच्या रस्त्यांवरून वरातीमागून वराती निघतात. पुढे झगमगत्या दिव्यांच्या रांगा, मागे घोड्यावर नवरदेव आणि मध्ये जरीच्या गणवेशातील बँडवाले. सारे नवरदेवाकडे पाहतात, वऱ्हाडी नाचतात. पण क्लॅरिनेट फुंकणाऱ्या माणसाचे नाव काय, हे कोणी विचारीत नाही. वादकाच्या वाट्याला हे असे अनामिकपण नेहमीच येते. गल्लीतील वरातीत येते, तसे पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या भव्य रंगमंदिरांतही येते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी कोणाचे स्मरण करावे, असा विचार करता आमच्यापुढे असेच एक नाव उभे राहिले. सबंध जगाने ज्यांचे संगीत ऐकले आणि तरीही ज्यांची ओळख पुष्कळांना पुन्हा करून द्यावी लागते, ते विष्णुदास शिराळी.

जयपूर आणि मराठी मुलूख यांचा सुरांचा व्यवहार जुना आहे. जयपूर संस्थानातील उनियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेले अल्लादिया खाँ पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास स्थिरावले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठांतून त्यांनी जयपूरचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. राजस्थानने आम्हांस घराणे दिले. त्याची अल्पशी परतफेड म्हणावी अशी दुसरी कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. राजस्थानात जन्मलेल्या एका नर्तकाच्या पाठीशी पलुसकरांच्या परंपरेतील एक वादक उभा राहिला आणि त्या दोघांनी मिळून भारतीय वाद्यवृंद सातासमुद्रांपलीकडे नेला, ती ही कथा.

विष्णुदासांचा जन्म १९०७ चा. त्यांचे आडनाव ऐकताच कारवारी किनारपट्टीवरील शिराळी गावाची आणि तेथील चित्रापूर मठाची आठवण होते. कोकणी, कानडी आणि मराठी या तीन भाषा ज्या टापूत शेजारणींसारख्या नांदतात, त्याच्याशी नाते सांगणारे हे नाव. कोवळ्या वयात ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या छत्राखाली आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पलुसकरांचे शिष्यत्व म्हणजे काय, हे आजच्या पिढीस थोडे उलगडून सांगावे लागेल. कुरुंदवाडच्या या तपस्व्याने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये आपले कार्य मुंबईस आणले. गायकवादकास समाजात बसावयास नीट आसनही मिळत नसे, त्या काळी संगीत ही सभ्य घरांतील मुलामुलींनी शिकावयाची विद्या आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. पहाटेचा रियाज, करडी शिस्त, निर्व्यसनी राहणी आणि भक्तिपर पदांचा आग्रह हे त्या विद्यालयाचे चार खांब होते. पाचवा खांब स्वरलेखनाचा. पलुसकरांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली होती. मुखोद्गत विद्या कागदावर उतरविण्याचा हा संस्कार विष्णुदासांना परदेशी किती उपयोगी पडला असेल, याचा विचार केला म्हणजे गुरूच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते.

ज्या नर्तकाशी त्यांची गाठ पडली ते उदय शंकर. यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. वडील झालावाड संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. कुटुंब बंगाली, जन्मभूमी राजस्थान आणि कलेचे पहिले विधिवत शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, असा हा त्रिवेणी संगम. चित्रकलेच्या अभ्यासासाठी १९२० मध्ये ते लंडनला गेले. तेथे अॅना पावलोव्हा या जगद्विख्यात रशियन नर्तिकेने त्यांच्यातील नर्तक ओळखला आणि १९२३ मध्ये राधा-कृष्णाचे नृत्य त्यांनी तिच्यासह रंगमंचावर आणले. पुढे अॅलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची मंडळी उभारली. या मंडळीत धाकटे बंधू राजेंद्र, देवेंद्र आणि अवघ्या दहा वर्षांचा रवी होता. फ्रेंच नर्तिका सिमकी होती. सरोदवादक तिमिर बरन होते आणि विष्णुदास शिराळी होते.

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे रंगमंदिरात या मंडळीचा पहिला मोठा प्रयोग झाला. पडदा वर गेला म्हणजे प्रेक्षकांस वादक रंगमंचावरच, भारतीय पोशाखात, भारतीय बैठकीत बसलेले दिसत. पाश्चात्त्य रंगमंदिरात वादक खालच्या खड्ड्यात, प्रेक्षकांच्या दृष्टीआड बसतात. येथे ते नृत्याचेच अंग होऊन समोर होते. कार्यक्रमात निव्वळ वादनाचे तुकडेही असत. पियानो नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. सतार, सरोद, बासरी, मृदंग, तबला, जलतरंग, झांजा आणि घंटा एवढ्यावरच सारा डोलारा. परक्या कानांस रुचावे म्हणून परके वाद्य घ्यावयाचे नाही, हा उदय शंकरांचा नेम होता आणि तो पाळण्याचा भार वादकांवर होता.

नियतीचा योग पाहावा. त्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, पंडित पलुसकरांनी मिरजेस देह ठेवला. शिष्य युरोपात गुरूची विद्या जगापुढे मांडीत असताना गुरू गेले. परदेशी असताना घरचे वडीलधारे गेल्याची वार्ता ज्यांनी पचविली आहे, अशी कुटुंबे आपल्या मंडळातही आहेत. त्या क्षणी विष्णुदासांच्या मनात काय आले असेल, ते आम्ही लिहिणार नाही. ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून जाणावे.

आता या दौऱ्यांकडे जरा जवळून पाहू. १९३२ च्या डिसेंबरअखेर सोल ह्युरॉक या ख्यातनाम संयोजकाच्या विद्यमाने मंडळी न्यूयॉर्कला उतरली. १९३१ ते १९३८ या काळात युरोप आणि अमेरिकेचे दौरे पुन्हा पुन्हा झाले. आज येथे, उद्या तेथे. आगगाडी, आगबोट, हॉटेल, रंगमंदिर आणि पुन्हा आगगाडी. दुरून पाहणाऱ्यास यात केवळ वैभव दिसते. वादकाची दृष्टी मात्र पेटाऱ्यांवर असते. सतारीचा भोपळा एका धक्क्याने तडकतो. तबल्याचे चामडे दमट हवेत सैल पडते आणि वाफेने तापविलेल्या कोरड्या दालनात इतके ताणले जाते की सूर कोठल्या कोठे चढतो. बाहेर बर्फ आणि आत ऊब, अशा वाऱ्याउन्हाच्या झटापटीत वाद्य सुरात ठेवणे हे प्रत्येक संध्याकाळचे व्रत होते.

विष्णुदासांची विशेष ख्याती तबलातरंगाची. निरनिराळ्या स्वरांत लावलेले अनेक तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांवर रागाची सुरावट वाजवावयाची, असे हे वाद्य. एक तबला सुरात ठेवणे किती कठीण, हे घरी तबला शिकणाऱ्या मुलांच्या आयांस विचारावे! येथे तर स्वरास्वराला वेगळा तबला. एकाने दगा दिला की सारी सुरावट बेसूर. जलतरंगाचीही तीच तऱ्हा. प्याल्यातील पाणी घोटभर कमीजास्त झाले तरी स्वर हलतो. नवे गाव, नवे पाणी, नवी हवा. आणि आठ वाजता पडदा वर गेलाच पाहिजे.

याहून बिकट प्रश्न कलेचा होता. आपल्या बैठकीत राग तासभर फुलतो. नृत्याच्या कार्यक्रमात त्यास चार-पाच मिनिटांत उभे राहावे लागते आणि नर्तकाचे पाऊल जेथे थांबेल तेथे थांबावेही लागते. आलाप, विस्तार, तान या क्रमाने गाणाऱ्या परंपरेतील कलावंतास ही कोंडी वाटणे स्वाभाविक होते. शिवाय नृत्याची साथ करणे हे त्या काळच्या सोवळ्या संगीतजगतात खालच्या पायरीचे काम समजले जाई. ज्या गुरूने संगीतास प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच शिष्याने नर्तकाच्या मागे बसावे, ही गोष्ट पुष्कळांना रुचली नसेल. हा आक्षेप पोकळ होता असे आम्ही म्हणत नाही. चार मिनिटांत राग पुरा दाखविता येत नाही, हे खरेच आहे. पण रागाची मुद्रा, त्याचे चलन आणि त्याचा भाव शुद्ध राखून तो चार मिनिटांत ओळखू येईल असा उभा करणे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती विष्णुदासांनी घडविली. उदय शंकर अंगविक्षेपांतून आणि मुद्रांतून भाव सांगत. त्याला स्वर आणि ताल शोधावयाचे ते वादकांनी. अनेक वाद्यांनी एकाच वेळी काय वाजवावे, कोणी केव्हा गप्प राहावे, हा विचार एकल वादनाच्या आपल्या परंपरेत फारसा झालेला नव्हता. पुढे आकाशवाणीने आणि चित्रपटांनी ज्यास वाद्यवृंद म्हणून लोकप्रिय केले, त्याचे पूर्वप्रयोग या प्रवासी मंडळीत झाले.

तिमिर बरन मंडळी सोडून गेल्यावर संगीतदिग्दर्शनाची धुरा विष्णुदासांकडे आली. १९३५ च्या अखेरीस मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ काही काळ मंडळीत सामील झाले. मैहर बँड उभा करणारा हा महर्षी आणि पलुसकरांचा हा शिष्य एकाच रंगमंचावर बसले, ही घटना लहान नव्हे. १९३७ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात तेथील व्हिक्टर कंपनीने या वादकमंडळीच्या ध्वनिमुद्रिकांचा संच काढला. त्याचे दिग्दर्शन विष्णुदास शिराळींचे होते. भारतीय रागसंगीताची ओळख त्या तबकड्यांनी अमेरिकेतील कित्येकांना प्रथम करून दिली. मंडळीतील तो दहा वर्षांचा रवी तोवर सतरा वर्षांचा झाला होता. त्याने १९३८ मध्ये मैहरची वाट धरली आणि पुढे पंडित रविशंकर म्हणून सतार जगभर नेली. त्या यशाचा पाया भरणाऱ्यांत मागल्या ओळीत बसलेले हे वादक होते, हे विसरून चालणार नाही.

१९३८ मध्ये दौरे थांबले. उदय शंकरांनी हिमालयाच्या कुशीत अल्मोडा येथे कलाकेंद्र काढले, तेथेही विष्णुदास त्यांच्यासोबत होते. गुरुदत्त यांच्यासारखा पुढे नामवंत झालेला विद्यार्थी याच केंद्रात तयार झाला. महायुद्धाच्या ओढग्रस्तीत १९४४ मध्ये ते केंद्र बंद पडले. मग आला 'कल्पना' हा चित्रपट. उदय शंकरांनी आपले सारे स्वप्न त्यात ओतले आणि संगीत दिले विष्णुदास शिराळींनी. १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. पैशाच्या हिशेबात तो अयशस्वी ठरला, पण जाणत्यांनी त्यास कधी सोडले नाही. जीर्ण झालेल्या त्या चित्रफितीचा उद्धार होऊन २०१२ मध्ये कान महोत्सवात ती पुन्हा दाखविली गेली आणि विष्णुदासांचे सूर त्यांच्या पश्चात फ्रान्सच्या भूमीवर फिरून घुमले.

पुढील काळात त्यांनी फिल्म्स डिव्हिजनच्या अनेक माहितीपटांना संगीत दिले. चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी आपण जे माहितीपट पाहत असू, त्यांतील पार्श्वसंगीत कोणाचे, याची चौकशी आपण कधी केली होती? येथेही ते अनामिकच राहिले. १९७७ साली त्यांचे भारतीय संगीताची ओळख करून देणारे 'सरगम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला उदय शंकर कलकत्त्यास निवर्तले. १९८४ मध्ये विष्णुदासांनीही इहलोकीची यात्रा संपविली.

या चरित्रातून आम्हां दूरदेशस्थ मराठी माणसांनी काय घ्यावे? आपणही घरापासून दूर, परक्या हवेत आपला सूर लावून बसलेलो आहोत. येथील हवा वेगळी, पाणी वेगळे, बोली वेगळी. मुलांच्या मराठीत हिंदी मिसळते, तेव्हा आपला जीव खालीवर होतो. विष्णुदासांपुढेही तोच प्रश्न होता. श्रोत्यांसाठी आपले किती आखडते घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे नाही? त्यांनी काळ आखडता घेतला; पण वाद्य परके घेतले नाही आणि सूर ढळू दिला नाही. दर गावी, दर संध्याकाळी, कंटाळा न करता त्यांनी तबले पुन्हा लावले. भाषा आणि संस्कार हेही असेच रोज लावावे लागतात. एकदा लावून पेटाऱ्यात ठेवले की काम झाले, असे होत नाही.

पन्नास वर्षे या मंडळाच्या गणेशोत्सवांत कोणी पेटी वाजविली, कोणी तबला धरला, कोणी नाटकाच्या पडद्यामागे उभे राहून दोऱ्या ओढल्या. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. विष्णुदास शिराळींचे हे पुण्यस्मरण त्या सर्वांस वाहून आम्ही लेखणी खाली ठेवतो. आणि यापुढे रस्त्यावरून वरात जाईल, तेव्हा निदान एकदा तरी थांबून त्या क्लॅरिनेटवाल्यास त्याचे नाव विचारावे, एवढी विनंती करतो.