मज्जापेशींचा चितारी : सांतियागो रामोन इ काहाल

स्पेन देशाच्या उत्तरेस पेतिया नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १ मे १८५२ रोजीं काहाल ह्यांचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य व करड्या शिस्तीचे. मुलगा मात्र इतका व्रात्य कीं, अकराव्या वर्षीं त्यानें घरींच तोफ बनवून शेजाऱ्याचें फाटक उडविलें आणि त्यापायीं कांहीं दिवस तुरुंगाची हवा खाल्ली! त्याला चित्रकार व्हावयाचें होतें व वडिलांस तें मुळींच पसंत नव्हतें. त्यांनीं त्याला न्हाव्याच्या आणि जोडे शिवणाऱ्याच्या हाताखालीं ठेवून पाहिलें. अखेर १८६८ सालीं ते मुलास दफनभूमींत घेऊन गेले व उघडीं पडलेलीं हाडें जमवून तीं रेखाटावयास लाविलें. चित्रांचा नाद शरीरशास्त्राच्या वाटेस लागला तो असा. बापाचा हट्ट व मुलाचा छंद ह्यांची इतकी सुरेख तडजोड क्वचितच होत असेल.

१८७३ सालीं सारागोसा येथें वैद्यकीची पदवी घेऊन ते सैन्याबरोबर क्यूबांत गेले. तेथें हिवतापानें त्यांचें शरीर पोखरून टाकिलें. परत आल्यावर शिल्लक पगारांतून त्यांनीं पहिला सूक्ष्मदर्शक विकत घेतला.

त्या काळीं मेंदूचा काप भिंगाखालीं धरिला तर गुंतलेल्या सुताप्रमाणें सर्व तंतू एकमेकांत मिसळलेले दिसत. इटलींतील गॉल्जी ह्यांनीं १८७३ सालीं रुप्याच्या क्षाराची एक रीत शोधिली होती. तिनें थोड्याच पेशी काळ्या होत, परंतु त्यांचा आकार पूर्ण उमटे. तरीहि हे तंतू मिळून एकच अखंड जाळें आहे, असें गॉल्जी मानीत. काहाल ह्यांनीं ती रीत १८८७ सालीं पाहिली व सुधारली. कापास रुप्याच्या द्रावणांत दोनदां भिजविलें, आणि पक्ष्यांचे भ्रूण व पिलें निवडलीं. कारण कोंवळ्या तंतूंवर मेदाचें वेष्टण अजून चढलेलें नसतें. १८८८ सालीं त्यांना स्पष्ट दिसलें कीं, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे; तिचे तंतू दुसरीस भिडतात, पण तिच्यांत विरघळून जात नाहींत. हें प्रसिद्ध करण्यास त्यांनीं पदरमोड करून स्वतःचें नियतकालिक काढिलें. कोणी लक्ष देईना, म्हणून १८८९ सालीं ते आपले काप घेऊन बर्लिनच्या परिषदेस गेले. तेथें वृद्ध व मान्यवर कोलिकर ह्यांनीं ते पाहिले आणि त्यांची खात्री पटली.

१९०६ सालचें नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल ह्यांस विभागून मिळालें. स्टॉकहोम येथील व्याख्यानांत मात्र गॉल्जी ह्यांनीं काहाल ह्यांच्याच मताचें खंडन केलें. तो प्रसंग सोसणें सोपें नसावें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत नव्या सूक्ष्मदर्शकानें दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली. परंतु १७ ऑक्टोबर १९३४ रोजींच काहाल माद्रिद येथें वारले होते.

त्यांच्या चित्रांत एक पेशी पिसाऱ्यासारखी, दुसरी शंकूसारखी, तिसरी ताऱ्यासारखी. सर्वांचीं जनुकें एकच, मग हें वैचित्र्य कोठून येतें? आज आपणांस ठाऊक आहे कीं, पेशीच्या केंद्रकांत कांहीं विशेष प्रथिनें असतात. तीं जनुकांच्या सूत्रावर ठराविक जागीं बसून कोणतें जनुक जागें करावयाचें व कोणतें निजूं द्यावयाचें, हें ठरवितात. १९८८ सालीं, म्हणजे काहाल ह्यांच्या शोधानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, एका सूक्ष्म कृमीमधील असें प्रथिन घडविणारें जनुक ओळखण्यांत आलें. त्या कृमीच्या अंगीं मज्जापेशी ३०२, आणि हळुवार स्पर्श जाणणाऱ्या त्यांत अवघ्या ६. तें जनुक बिघडलें तर त्या सहा पेशी मरत नाहींत, आपल्या जागींच राहतात; परंतु कृमीस केसानें हळूच डिवचलें तरी त्याला कांहींच कळत नाहीं.