समुद्रापलीकडील सौदा आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

इस्लामने व्यापाराला हलाल उपजीविकेचा मान दिला आहे आणि त्याचबरोबर व्यापाऱ्यावर मोठी जबाबदारीही टाकली आहे. विक्रेता व खरेदीदार समोरासमोर बसलेले असतात, माल डोळ्यांपुढे असतो, तेव्हा सौदा सोपा असतो. परंतु विक्रेता एका देशात, खरेदीदार दुसऱ्या देशात आणि माल भर समुद्रात असला, तर दोघांमध्ये उरतो तो केवळ शब्द. त्या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा? एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या व्यापाऱ्यांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या शाखेत शहरातील मोठे व्यापारी दावे चालत, तेथे त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय बॅरिस्टर नव्हता. ही उणीव प्रथम ज्यांनी भरून काढली, ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होत.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे आणि मूळचे खंबायतचे. वडील तय्यबअली हे व्यापारी होते. परदेशांशी व्यवहार करायचा तर त्या देशांची भाषा आणि कायदा आपल्या मुलांना अवगत असला पाहिजे, हे त्या दूरदर्शी गृहस्थाने ओळखले आणि मुलांना युरोपात शिकण्यास पाठवले. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडात शिकून सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी मदरशात उर्दू व फारसीचे धडे घेतले, पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण घेतले आणि 1860 मध्ये ते इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे 1864 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. पुढील वर्षी ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले.

ती वर्षे मुंबईच्या व्यापारात मोठ्या उलथापालथीची होती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

याच तेजीच्या काळात मुंबईच्या कापसावरून इंग्लंडात एक खटला उभा राहिला. सौदा होता सुरती कापसाच्या 125 गाठींचा, आणि माल मुंबईहून पिअरलेस नावाच्या जहाजाने येईल असे ठरले होते. दुर्दैवाने पिअरलेस नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि दुसरे डिसेंबरमध्ये. खरेदीदारांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या मनात पहिले जहाज होते, विक्रेता मात्र दुसऱ्या जहाजातील माल देऊ पाहत होता. 1864 मध्ये लंडनच्या न्यायालयाने खरेदीदारांच्या बाजूने निर्णय दिला. शब्द एकच असला तरी दोघांच्या मनातील वस्तू एक नव्हती, म्हणून करारच झाला नाही, असा या निर्णयाचा अर्थ पुढे कायद्याच्या अभ्यासकांनी लावला.

आमच्या वाचकांना हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही. ईजाब व कबूल एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि विकली जाणारी वस्तू दोन्ही पक्षांना स्पष्टपणे ठाऊक असली पाहिजे, ही अट फिकहच्या इमामांनी शतकानुशतके आधी घातली होती. ज्या संदिग्धतेतून तंटा उद्भवतो, ती सौद्यात राहू नये, हाच तिचा हेतू आहे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, तोही याच न्यायासाठी.

बद्रुद्दीन यांनी वकिली सुरू केल्यानंतर पाच वर्षांनी, 1872 मध्ये, भारतीय करार कायदा आला. दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तरच ती संमती, असे त्याने ठरवले. त्यातील एक उदाहरण तर मुंबईचेच आहे. इंग्लंडहून मुंबईला निघालेल्या मालाचा सौदा झाला, पण जहाज त्याआधीच बुडाले होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते, तर तो करार रद्दबातल होय. मालविक्रीचे नियमही प्रथम याच कायद्यात होते. पुढे 1930 मध्ये त्यांचा स्वतंत्र कायदा झाला.

स्वतःच्या यशावर बद्रुद्दीन संतुष्ट राहिले नाहीत. ज्या समाजाला लिहिलेला करार वाचता येत नाही, त्याचा हक्क बॅरिस्टर तरी किती राखणार? 1874 मध्ये कमरुद्दीन व अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली. 1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. 1895 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश बनले. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन आधी नाकारला गेला होता, तो न्यायमूर्ती तय्यबजींनी मंजूर केला. सरकारची मर्जी आणि न्याय यांत त्यांनी न्यायाची निवड केली. 1902 मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशपदही सांभाळले. 19 ऑगस्ट 1906 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

आज हा विषय केवळ मुंबईच्या पेढ्यांपुरता राहिलेला नाही. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावातील तरुणालाही, शेजारच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरातून, आपला माल आखाती देशांत पाठवता येतो. अशा सौद्यांसाठी 1980 मध्ये व्हिएन्ना येथे एक आंतरराष्ट्रीय करारनामा तयार झाला आणि 1 जानेवारी 1988 पासून तो अमलात आला. माल मिळताच खरेदीदाराने तो शक्य तितक्या लवकर तपासावा, दोष आढळल्यास वाजवी मुदतीत विक्रेत्यास कळवावे, असे त्याचे नियम आहेत. अनेक देशांनी तो स्वीकारला आहे, भारत व इंग्लंड मात्र त्यात सामील नाहीत. म्हणून आपल्या व्यापाऱ्याने मालाचे वर्णन, दर्जा, वजन, जहाज, मुदत आणि तंटा झाल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल, हे सर्व करारात स्पष्ट लिहून घेणे अगत्याचे आहे.

तय्यबअलींनी आपल्या मुलांना कायदा शिकवला, आणि त्या विद्येचा लाभ साऱ्या समाजाला झाला. आपल्या मुलामुलींपैकी एकाने तरी ही विद्या आत्मसात करावी, आणि प्रत्येकाने सही करण्यापूर्वी करार वाचावा, हीच न्यायमूर्तींच्या जीवनाची शिकवण आहे. अल्लाह आपणा सर्वांना वचन पाळण्याची आणि चोख व्यवहाराची सद्बुद्धी देवो. आमीन.