जगण्यापुरते वेतन : फादर जॉन रायन



द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. दिवस कलताना कामावर आलेल्यालाही मालक पूर्ण दिवसाची मजुरी देतो. हा हिशेब आपल्याला खटकतो. पण त्या मजुराच्या घरीही रात्री चूल पेटायची असते. हाच विचार कायद्यापर्यंत नेणाऱ्या एका धर्मगुरूंची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

जॉन रायन यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एका आयरिश शेतकरी कुटुंबात झाला. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्राद्वारे कामगारांच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला. रायन यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. १८९८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९०६ साली त्यांचा 'अ लिव्हिंग वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहरातील कामगार कुटुंबाला माणसासारखे जगण्यास वर्षाला किमान ६०० डॉलर लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला.

कामगार स्वखुशीने करार करतो, मग सरकारने मध्ये का पडावे, असे त्या काळी मालक म्हणत. रायन यांचे उत्तर साधे होते. ज्याच्यापुढे उपासमार उभी आहे, त्याचा होकार मोकळा नसतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना स्वातंत्र्यावर आम्ही बरेच वाचले, पण इतके नेमके क्वचितच.

१९१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने अमेरिकेतील पहिला किमान वेतन कायदा केला. पुढच्याच वर्षी मिनेसोटासह आणखी काही राज्यांनी ती वाट धरली. मिनेसोटाचा कायदा घडवण्यात रायन यांचा मोठा वाटा होता. हे कायदे केवळ स्त्रिया व अल्पवयीन कामगारांसाठी होते. तरीही १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या स्वातंत्र्याचे कारण देऊन राजधानी वॉशिंग्टनमधील असाच कायदा रद्द केला. राज्यांचे कायदेही त्यामुळे डळमळले.

रायन थांबले नाहीत. ते शिकवत राहिले, लिहीत राहिले. १९३७ साली चित्र पालटले. वॉशिंग्टन राज्यातील एल्सी पॅरिश या हॉटेलातील सफाई कामगार स्त्रीने आपल्या बुडालेल्या वेतनासाठी दावा लावला होता. तिचा दावा मान्य झाला व राज्याचा कायदा टिकला. १९३८ साली देशव्यापी कायदा आला. तासाला किमान २५ सेंट आणि ठरलेल्या तासांपलीकडील कामाला दीडपट मजुरी. १९४५ साली रायन देवाघरी गेले.

मात्र त्या कायद्यातून घरकामगार वगळले गेले होते. त्यांचा समावेश व्हायला १९७४ साल उजाडले. घराच्या उंबऱ्याआड न्याय उशिरा पोहोचतो.

म्हणून या रविवारी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार ठरल्या तारखेला होतो का? आठवड्याची सुट्टी मिळते का? आजारपणाचा दिवस आपण कापतो का? नाक्यावरून आणलेल्या मजुराला संध्याकाळी उरलेल्या पैशांसाठी उद्या या, असे सांगतो का? चर्चच्या आवारात झाडलोट करणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रश्न प्रथम आम्हालाच लागू आहेत. दान नंतर द्यावे. ज्याचे जे देणे लागतो, ते आधी चुकते करावे.

आपले धर्मगुरू