खाणावळवालीची लबाडी पकडणाऱ्या शास्त्रज्ञामुळे आज पेट स्कॅन होतो

कॅन्सरच्या पेशंटला पेट स्कॅनसाठी नेलं की घरच्यांना एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. पेशंटला आधी काही तास उपाशी ठेवतात. मग शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. आणि एवढं करून लगेच मशीनमध्ये घालत नाहीत, तर तासभर वेगळ्या खोलीत गप पडून राहायला सांगतात. बोलू नका, फिरू नका, स्वस्थ पडा.

त्या तासाभरात शरीर फसवलं जात असतं. दिलेलं औषध असतं साखरेसारखं, आणि पेशी ते साखर समजून आत ओढत असतात. शरीराला असं फसवता येतं, हे ज्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं त्या माणसाचं नाव जॉर्ज द हेवेशी. आणि हे त्याला सुचलं ते एक काम सपशेल फसल्यावर.

हेवेशींचा जन्म १ ऑगस्ट १८८५ चा, बुडापेस्टचा. घर गडगंज श्रीमंत. घराणं मूळचं ज्यू, पण कॅथलिक झालेलं. १९०८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून डॉक्टरेट मिळवून, झुरिकमध्ये काही काळ काम करून १९११ साली ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला पोहोचले. तिथे प्रयोगशाळेचे प्रमुख होते अर्नेस्ट रदरफोर्ड.

रदरफोर्ड यांच्याकडे तेव्हा शेकडो किलो शिसं येऊन पडलं होतं. बोहेमियातल्या योआखिम्स्टालच्या खाणीतून रेडियम काढल्यावर उरलेलं हे शिसं ऑस्ट्रियाच्या सरकारने त्यांना दिलं होतं. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता, पण भोवतीच्या शिशामुळे तो वापरता येत नव्हता. रदरफोर्ड यांनी नव्या पोराला कामाला लावलं. हे शिसं बाजूला काढून दे.

हेवेशींनी रसायनशास्त्रातले माहीत असलेले सगळे उपाय करून पाहिले. विरघळवलं, गाळलं, साका बसवला, पुन्हा विरघळवलं. जवळपास दोन वर्षं गेली आणि हाती काहीच लागलं नाही. लागणारही नव्हतं, कारण रेडियम-डी हे शिसंच होतं. त्याचा अणू थोड्या वेगळ्या वजनाचा आणि किरणोत्सारी, एवढाच फरक. अशा जुळ्या अणूंना समस्थानिकं म्हणतात, पण ही कल्पना फ्रेडरिक सॉडी यांनी मांडली ती १९१३ मध्ये. हेवेशी आधीच भिंतीवर डोकं आपटून मोकळे झाले होते.

दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. हेवेशींनी तीच गोष्ट उलटी करून पाहिली. हे दोन अणू रसायनशास्त्राला वेगळे काढता येत नसतील, तर त्यातला एक जिथे जाईल तिथे दुसराही जाणार. मग साध्या शिशात चिमूटभर किरणोत्सारी शिसं मिसळायचं आणि किरणांवरून सगळ्या शिशाचा माग काढायचा. १९१३ मध्ये व्हिएन्नाच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये फ्रिडरिश पानेथ यांच्यासोबत त्यांनी हे करून दाखवलं. शिशाचे काही क्षार पाण्यात इतके कमी विरघळतात की ते मोजणं फार अवघड होतं. या युक्तीने ते मोजता आलं.

याच काळातला एक किस्सा स्वतः हेवेशी आवडीने सांगायचे. मँचेस्टरमध्ये ते एका बाईंच्या घरी पैसे देऊन राहत आणि जेवत. श्रीमंत घरातला हा तरुण खाण्याच्या बाबतीत चोखंदळ होता. बाई आदल्या दिवसांचं उरलेलं अन्न नवं रूप देऊन पुन्हा ताटात वाढतात, असा त्याचा संशय होता, आणि बाई तो साफ नाकारत होत्या. एका रविवारी त्याने ताटातल्या उरलेल्या अन्नात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळून ठेवलं. काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थावर इलेक्ट्रोस्कोप धरला, आणि चोरी सापडली. आज कुणी असा प्रयोग केला तर पोलीस केस होईल, हे वेगळं सांगायला नको.

पहिलं महायुद्ध मध्ये आलं. १९२० मध्ये हेवेशी कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत गेले. तिथे डर्क कॉस्टर यांच्यासोबत हाफ्नियम हे नवं मूलद्रव्य शोधलं आणि त्याला कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून नाव दिलं. एखाद्याला आयुष्यभर पुरेल अशी ही कामगिरी, पण आपल्या गोष्टीत १९२३ चा दुसरा एक प्रयोग जास्त महत्त्वाचा आहे. त्यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय झाडाची मुळं किरणोत्सारी शिशाच्या पाण्यात ठेवली आणि शिसं मुळात किती अडकतं, पानापर्यंत किती पोहोचतं ते मोजलं. सजीवाच्या आत अणूचा माग काढण्याची ही पहिली वेळ.

अडचण उघड होती. शिसं विषारी. शरीराला ज्यांची खरी गरज आहे त्या मूलद्रव्यांचे किरणोत्सारी जुळे तोवर कुणाकडेच नव्हते.

१९३४ साल हे चित्र बदलणारं ठरलं. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी माणसाला हवं ते किरणोत्सारी मूलद्रव्य बनवता येतं हे दाखवलं. त्याच वर्षी नाझी राजवटीमुळे हेवेशींनी फ्रायबुर्गमधली प्राध्यापकी सोडली आणि ते कोपनहेगनला परतले. तिथे त्यांनी गंधकावर न्यूट्रॉनचा मारा करून किरणोत्सारी फॉस्फरस बनवला आणि ओ. चिविट्झ यांच्यासोबत तो उंदरांना खाऊ घातला.

१९३५ मध्ये आलेला निष्कर्ष तेव्हाच्या समजुतीला धक्का देणारा होता. हाडं एकदा बनली की दगडासारखी तशीच राहतात, असं मानलं जायचं. प्रत्यक्षात हाडातला फॉस्फरस सतत बाहेर जात होता आणि अन्नातला नवा फॉस्फरस त्याची जागा घेत होता. बाहेरून स्थिर दिसणारं शरीर आतून सारखं बदलत असतं, हे आता आकड्यांत दिसत होतं.

९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये घुसलं. बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली होती. फॉन लाउए तर अजून जर्मनीतच होते. पदकं नाझींच्या हाती लागली असती तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं. हेवेशींनी पुरायचं सुचवलं, पण बोर यांना भीती होती की कुणीतरी उकरून काढेल. शेवटी रस्त्यावरून सैन्य जात असताना हेवेशी प्रयोगशाळेत पदकं आम्लराजात विरघळवत बसले होते. सोनं सहजी विरघळत नाही, त्यामुळे हे काम घाईत उरकण्यासारखं नव्हतं. तयार झालेल्या द्रावणाची बाटली फळीवर इतर बाटल्यांमध्ये राहिली आणि युद्ध संपल्यावर जशीच्या तशी सापडली. त्यातलं सोनं परत काढून पदकं नव्याने घडवली गेली.

हेवेशी स्वतः १९४३ मध्ये स्वीडनला निसटले. त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना १९४४ मध्ये मिळालं, माग काढणाऱ्या अणूंसाठी.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. हेवेशींनी चित्र काढलं नाही, त्यांनी मोजणी केली. फॉस्फरस हाडात गेला का, हे कळायला उंदीर मारून हाड बाहेर काढावं लागायचं, कारण त्या फॉस्फरसचे किरण शरीराबाहेर फारसे येत नाहीत. माणसाला न कापता आत बघायचं तर गॅमा किरण देणारे अणू हवेत आणि ते बाहेरून टिपणारं यंत्र हवं. ती वाट अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांच्या स्कॅनरने आणि १९५० च्या दशकात हॅल अँगर यांच्या गॅमा कॅमेऱ्याने मोकळी केली. उपचाराची बाजू त्याआधीच सुरू झाली होती. १९४१ मध्ये बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या पेशंटला किरणोत्सारी आयोडीन दिलं. थायरॉइड ग्रंथी साधं आणि किरणोत्सारी आयोडीन वेगळं ओळखू शकत नाही. ती दोन्ही शोषते, आणि मग किरण आतूनच काम करतात.

पेट स्कॅनमधली साखरही याच वाटेवरची. तिच्यात फ्लोरिन-१८ चा अणू जोडलेला असतो. पेशी तिला आत घेते, पण नेहमीच्या साखरेसारखी पुढे पचवू शकत नाही, म्हणून ती आतच अडकते. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखरेच्या हावऱ्या, त्यामुळे तिथे साठा जास्त. हालचाल केली तर स्नायूही साखर ओढतात आणि चित्र गढूळ होतं, म्हणून तो तासभर स्वस्थ पडायचं. घाईही करावी लागते, कारण फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. हे औषध दूरवरून मागवून साठवता येत नाही, सायक्लोट्रॉन जवळपास लागतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथेच सुरू झाला.

हेवेशी ५ जुलै १९६६ ला फ्रायबुर्गमध्ये वारले. २००१ मध्ये त्यांच्या अस्थी बुडापेस्टला नेऊन पुन्हा पुरण्यात आल्या.