कमी ऐकू येणारे शास्त्रज्ञ : सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दहावीत सर्वांनाच पाठ करावा लागतो. परीक्षेत बोटे ताणून हात वाकडे करणारी मुले दरवर्षी दिसतात. मागे एका पालकांनी विचारले, की ग्वाल्हेर घराण्याच्या जुन्या रेकॉर्ड ऐकण्यासाठी ट्यूब अँप्लिफायर घ्यावा का? तेव्हा मला याच फ्लेमिंग यांची आठवण झाली, कारण ती ट्यूब मुळात त्यांची.

त्यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८४९ रोजी इंग्लंडमधील लँकेस्टर येथे झाला. वडील धर्मोपदेशक, घरी पैशाची ओढाताण. दिवसा शेअर दलालाकडे कारकुनी आणि संध्याकाळी अभ्यास करून त्यांनी १८७० मध्ये पदवी मिळवली. पुढे ते शाळेत विज्ञान शिक्षक झाले. पगारातून पैसे साठवून १८७७ मध्ये ते केंब्रिजला मॅक्सवेल यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले! १८८५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथली मुले दिशा ठरवताना चुकत, म्हणून त्यांनी हाताचे नियम बसवले.

१८९९ पासून ते मार्कोनी यांच्या कंपनीचे सल्लागार होते. बिनतारी संदेश तेव्हा कानाला टेलिफोन लावून ऐकावा लागे आणि फ्लेमिंग यांना तर ऐकू कमी येत असे. संदेश डोळ्यांनी दिसावा, गॅल्व्हॅनोमीटरवर कळावा, अशी त्यांची गरज होती. एडिसनच्या दिव्यात जादा पत्रा बसवला की वीज एकाच दिशेने वाहते, हे त्यांनी पूर्वी पाहिले होते. तोच दिवा कामी आला. १६ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पाण्याच्या झडपेसारखे काम, म्हणून नाव व्हॉल्व्ह.

मात्र हा व्हॉल्व्ह आवाज वाढवत नव्हता. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा घटक म्हणून जाळी बसवली आणि त्यातूनच पुढे अँप्लिफायर झाला. दोघांचे भांडण कोर्टात वर्षानुवर्षे चालले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमिंग यांचे तिथले पेटंट अवैध ठरवले. मला तरी पाया फ्लेमिंग यांचाच वाटतो.

आता पालकांच्या प्रश्नाबद्दल. आधी स्पीकर पाहा, मग अँप्लिफायर. स्पीकरची संवेदनशीलता ९५ डेसिबल असेल, तर १० वॅटचा अँप्लिफायर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८५ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतील. ट्यूबचे वॅट महाग पडतात. घरच्या बैठकीच्या खोलीला थोडे पुरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो कपाटात कोंडून ठेवू नये, व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर असावा. आणि मुलांनी झाकण कधीच उघडू नये, कारण आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहू शकतात.

१९२९ मध्ये फ्लेमिंग यांना सर ही पदवी मिळाली. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १९३३ मध्ये त्यांनी ऑलिव्ह फ्रँक्स या गायिकेशी विवाह केला, तेव्हा त्यांचे वय ८३ होते. १८ एप्रिल १९४५ रोजी सिडमथ येथे ९५ व्या वर्षी ते वारले. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार झाला.