साडीपिन आणि बर्थाबाई

मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामाला चाकणला निघाले की माझी जुनी मोपेड हटकून रस्त्यात बसते. परवा अशीच बसली. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला असणार, म्हणून मी साडीची पिन काढली. गॅरेजवाल्या दादांनी मला तिथंच थांबवलं. कार्बोरेटरच्या पितळी जेटचं भोक अगदी बारीक असतं. पिनेनं ते मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो. जेट काढून पेट्रोलनं धुवायचा आणि हवेचा झोत मारायचा, बस्स! गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे आत चिकटा धरत नाही. (२०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींना कार्बोरेटरच नसतो, त्यांना हे लागू नाही.)

पिनेवरून मला बर्था बेंझ आठवल्या. चाकणला मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे ना, त्यातलं बेंझ हे त्यांच्या नवऱ्याचं आडनाव.

जर्मनीत १८४९ साली जन्मलेल्या बर्थाबाईंचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेव कार्ल यांचा कारखाना भागीदारामुळे बुडायला आला होता. बाईंनी हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या भागीदाराला मोकळं केलं. हुंडा म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण ही रक्कम निदान कामी आली! १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट मिळालं, तेही कार्ल यांच्या कंपनीच्या नावानं.

गाडी मात्र खपेना. मग ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवऱ्याला न सांगता, बाई दोन मुलांना घेऊन त्या तीनचाकीतून शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी निघाल्या. पेट्रोल पंप कुठले असायला! कपड्यांचे डाग काढायचं द्रावण वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेऊन तेच गाडीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. (पिन नळीला चालते, जेटला नाही!) उघड्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र मुलांना गाडी ढकलावी लागली. परतल्यावर त्यांनी नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर बसवायला सांगितलं, आणि तो बसलाही.

पंच्याण्णवावा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, मे १९४४ मध्ये, बर्थाबाई गेल्या. परवा चाकणच्या त्या कारखान्यावरून जाताना मी गटातल्या बायकांना बेंझची पाटी दाखवली आणि ही गोष्ट सांगितली. त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते न सांगता माहेरी जाणं.