तापमान उतरायचं थांबलं तेव्हा : लेऑं तेसराँ द बोर



मोठ्या फुग्याला हॅम रेडिओ आणि उपकरणं बांधून तो आकाशात सोडतात, त्याचे व्हिडिओ आपली मुलं आवडीने बघतात. फुगा वर जात असताना तिथलं तापमान रेडिओवरून खाली कळत राहतं. वर जाताना काय होईल, असं मुलांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, थंडी वाढतच जाईल. सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचाही असाच समज होता. तो दुरुस्त करणाऱ्या एका चिकाटीच्या माणसाची आज ओळख करून घेऊया.

लेऑं तेसराँ द बोर यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1855 रोजी पॅरिसमध्ये झाला. घर श्रीमंत, वडील इंजिनिअर आणि राजकारणी. 1880 मध्ये ते फ्रान्सच्या हवामान खात्यात लागले. पुढे नोकरी सोडून 1896 मध्ये व्हर्सायजवळच्या त्राप या गावी त्यांनी पदरच्या पैशांनी स्वतःची वेधशाळा उभारली. फुगे भरण्यासाठी तिथे एक फिरती शेड होती. वारा ज्या बाजूने असेल, त्याच्या उलट दिशेला तिचं दार फिरवता यायचं.

त्यांचे फुगे वार्निश लावलेल्या कागदाचे असत आणि त्यात हायड्रोजन भरत. खाली हलकी पेटी असे. काजळी धरलेल्या कागदावर एक बारीक टोक तापमान आणि दाबाच्या रेषा ओढत जाई. तेव्हा फुग्यातून निरोप पाठवणारा रेडिओ नव्हता. फुगा कुठेतरी शेतात उतरायचा. पेटी कोणाला तरी सापडून परत आली तरच वर काय घडलं ते कळायचं!

परत आलेल्या कागदांवर एक विचित्र गोष्ट दिसू लागली. साधारण 11 किलोमीटरपर्यंत तापमान नेहमीप्रमाणे उतरायचं आणि त्यानंतर उतरायचं जवळजवळ थांबायचं. पुस्तकात तर असं काहीच नव्हतं.

आता खरी परीक्षा होती. चूक समजून तेवढा भाग सोडून देणं सोपं होतं आणि घाईने शोध जाहीर करणंही सोपं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. उन्हाने थर्मामीटर तापत असेल का, ही पहिली शंका. म्हणून त्यांनी रात्री फुगे सोडले. तरी रेषा तशीच! मग उन्हाळा, हिवाळा, वेगवेगळं हवामान, असं करत तब्बल 236 फुगे सोडले. त्यातले 74 फुगे 14 किलोमीटरच्या वर गेले. एवढं झाल्यावरच, 28 एप्रिल 1902 रोजी, त्यांचा निष्कर्ष फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आला. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड आसमान यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळलं होतं.

आपण शिकवतो ती तपांबर आणि स्थितांबर ही विभागणी इथून आली. ट्रोपोस्फिअर, स्ट्रॅटोस्फिअर ही नावंही तेसराँ यांनीच दिली. आपल्याकडे, उष्ण कटिबंधात, ही सीमा आणखी वर, साधारण 16-17 किलोमीटरवर असते.

2 जानेवारी 1913 रोजी कान येथे त्यांचं निधन झालं. पुढे 1929 मध्ये रोबेर ब्यूरो यांनी त्राप इथूनच रेडिओ लावलेला फुगा सोडला. पेटीची वाट बघणं संपलं.

हे चरित्र वाचताना मला माझाच वर्ग आठवला. बर्फ वितळताना दर मिनिटाला तापमान लिहायचं होतं. एका मुलीने ओळीने तोच आकडा लिहिला, शून्य, शून्य, शून्य. थर्मामीटर नीट बघितला नाहीस, असं म्हणून मी तिला खोडायला लावलं. तिने मुकाट्याने खोडलं. खरं तर बरोबर तीच होती. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान वाढत नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी चूक सांगितली आणि प्रयोग पुन्हा करून घेतला.

मुलाचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर लाल पेन उचलण्याआधी पुन्हा एकदा मोजायला सांगूया. तेसराँ यांनी 236 वेळा मोजलं, आपण निदान दोनदा तरी मोजूया.